गोव्याहून जिगोकुदानी: गरम पाण्यातली माकडं नीट पाहायची असतील तर

जपानातल्या जिगोकुदानीच्या माकड-पार्कला जाणार असाल तर एक गोष्ट आधी ठरवून टाका: तिथे एक रात्र तरी राहायचं, जमलं तर दोन. टोकियोहून सकाळी निघून संध्याकाळी परत, असा बेत बरेच टूरवाले आखून देतात. त्यात पोचेपर्यंत दुपार व्हायला येते. कुंडाभोवती माणसं दाटीवाटीने उभी असतात आणि माकडं सकाळचं खाणं, भांडणं, नाहणं आटोपून पेंगत बसलेली असतात. फोटो मिळतो, पण माकड पाहून होत नाही. ते पाहायचं तर हिवाळ्यात सकाळी नऊला पार्क उघडतो तेव्हा तुम्ही दारात हवेत, आणि त्यासाठी मुक्काम जवळपासच हवा.

मी फोंड्याची, सासर सत्तरीत. तिथे आमचं कुळागर आहे: पोफळी, केळी, थोडे माड, मिरवेली. खेतींनी, म्हणजे आमच्याकडच्या माकडांनी, अर्धा खाऊन टाकून दिलेले केळीचे घड उचलत माझी निम्मी हयात गेली. त्यामुळे माकड म्हणजे नुसतं गोंडस जनावर असं मला कधी वाटलं नाही, आणि तरी त्यांच्यावरचा माझा जीव कमी झाला नाही. जपानला गेलो ते मी, यजमान आणि माझ्या मोठ्या वन्सं. वन्संचे गुडघे दुखतात, पण त्या चालल्या. त्यामुळे वयाने मोठ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल असं लिहिते आहे.

जाण्याआधी एवढं माहीत हवं

ही माकडं पाळलेली नाहीत. पिंजरा नाही, कुंपण नाही. रात्री ती डोंगरात झोपतात, सकाळी खाली उतरतात, दुपार कलली की परत जातात. नागानो प्रांतातल्या यामानोउची गावाजवळ, योकोयु नदीच्या घळीत, समुद्रसपाटीपासून ८५० मीटर उंचीवर हा पार्क आहे. वर्षातले चारेक महिने तिथे बर्फ असतं.

पार्क सुरू झाला १९६४ साली. त्याची कथा कुळागरवाल्यांनी लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. डोंगरावरच्या जंगलात माणसाची वर्दळ वाढली तशी माकडं खाली सरकली आणि सफरचंदाच्या बागांत शिरू लागली. बागाईतदार वैतागले. तेव्हा या घळीत त्यांना खाणं टाकून बागांपासून लांब ठेवायचा प्रयत्न झाला. घळीत एक जुनं धर्मशाळेसारखं उतारूघर आहे. त्याच्या उघड्यावरच्या गरम कुंडात १९६३ साली एक लहान मादी उतरलेली दिसली. तिचं पाहून इतर पिल्लं उतरली, मग त्यांच्या आया. माणसं आणि माकडं एकाच पाण्यात बसणं आरोग्याला बरं नाही म्हणून माकडांसाठी वेगळं कुंड बांधलं गेलं. आज आपण फोटोत पाहतो ते हेच. १९७० च्या जानेवारीत लाईफ मासिकाच्या मुखपृष्ठावर बर्फ पांघरलेलं माकड आलं आणि जगाला ही जागा कळली. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकनंतर गर्दी आणखी वाढली.

म्हणजे कुंड माणसाने बांधलेलं, खाणं माणसाने टाकलेलं. पण त्यात उतरायची सवय मात्र माकडांची स्वतःची, एकीने दुसरीकडून उचललेली. जपानी माकडं होन्शू, शिकोकू, क्यूशू आणि याकुशिमा या बेटांवर राहतात. बर्फात राहणाऱ्या त्यांच्या कितीतरी टोळ्या कधी गरम पाण्यात बसत नाहीत. एकमेकांचं पाहून शिकण्यात मात्र ही जात तरबेज. १९५३ साली कोशिमा बेटावर इमो नावाच्या लहान मादीने रताळं पाण्यात धुऊन खाल्लं आणि काही वर्षांत टोळीतली बरीच माकडं रताळी धुऊ लागली. क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी ते टिपून ठेवलं आहे.

तयारी घरच्या माकडांपासून

माझा खरा सल्ला इथे आहे, आणि तो कुठल्या टूरच्या कागदावर मिळणार नाही. जाण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून आपल्या इथली माकडं बघायला लागा.

आपली खेती आणि जपानची माकडं एकाच कुळीतली, मकाका वंशातली, पण जाती वेगळ्या. आपली मकाका राडिआटा, त्यांची मकाका फुस्काटा. आपल्याकडच्याची शेपूट लांबलचक, अंग सडपातळ. त्यांची शेपूट वीतभरसुद्धा नाही, अंगावर दाट लोकर. वन्सं पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "अगो, हे तर आमच्याच कुळागरातलं माकड, शेपूट तेवढी घरी विसरून आलंय!" वागणं खरोखरच तसंच. दोन्हीकडे मादी जन्मभर आपल्या टोळीत राहते आणि नर वयात आले की बाहेर पडतात. दोन्हीकडे आई, मुली, नाती असं घराणं असतं आणि घराण्याघराण्यांत मान ठरलेला असतो.

तेव्हा बोंडल्याच्या अभयारण्यात जा, मोलेच्या जा, नाहीतर ओळखीच्या कुणाच्या कुळागरात सकाळी सातला जाऊन बसा. जवळ जायचं नाही. दुर्बीण असली तर उत्तम. सुरुवातीला सगळी माकडं सारखीच वाटतात. मग एकाचा कान फाटलेला दिसतो, एकीचा ओठ लोंबता दिसतो, आणि टोळी उलगडायला लागते. एक मादी येते आणि दुसरी, काही न होता, बसली जागा सोडून उठते. हे दिसलं की मान कुणाचा ते कळलं. आमचा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावरून खाली बघत सांगतो, म्हातारी कुठे बसली आहे आणि आज टोळी कुणीकडे वळणार. तो शाळेत हे शिकला नाही, नुसता बघत आला.

तीन खुणा पाठ करा, तिथे रोज कामाला येतात. तोंड आ करून, डोळे रोखून बघितलं तर ती धमकी. दात विचकून ओठ मागे ओढले तर ते हसणं नव्हे, भीती आहे, शरण आल्याची खूण आहे. ओठ भराभर चपाचपा हलवले तर सलोखा. आणि आपण रोखून पाहिलं तर तेही माकडाला धमकीसारखंच वाटतं. बघायचं ते कडेकडेने, नजर फिरती ठेवून.

चोर्ला घाटात गाडी थांबवून केळी, बिस्किटं टाकायची सवय असेल तर ती आजच सोडा. त्याने माकडं रस्त्यावर येतात, गाड्यांखाली सापडतात, आणि हातातली पिशवी ओढायला शिकतात. जपानी पार्कात खाणं फक्त कर्मचारी टाकतात, बार्ली, सोयाबीन आणि क्वचित सफरचंद, आणि तेही पाहुण्याच्या हातून कधीच नाही. म्हणूनच शेकडो माणसं रोज येऊनही ती माकडं कुणाच्या पिशवीकडे ढुंकून बघत नाहीत. खाणं टाकून माकडं आवरता येतात, असा याचा अर्थ कुणी काढू नये. जपानात ताकासाकियामा नावाच्या डोंगरावर १९५० च्या दशकात असंच खाणं सुरू झालं आणि टोळ्या बेसुमार वाढल्या, मग खाणं कमी करावं लागलं. शेतीची नासाडी होते म्हणून त्या देशात आजही दरवर्षी हजारो माकडं मारली जातात. आमच्या केळींचा प्रश्न जिगोकुदानी बघून सुटणार नाही, पण माकडाशी कसं वागायचं ते तिथे नक्की शिकायला मिळतं.

घरबसल्या आणखी एक तयारी होते. पार्कच्या संकेतस्थळावर कुंडाचा थेट कॅमेरा आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ आपले पहाटेचे साडेपाच. चहा घेऊन बसायचं. जाण्याआधीचा महिनाभर अधूनमधून पाहिलंत की बर्फ कधी पडतं, माकडं किती वाजता पाण्यात उतरतात, गर्दी कधी वाढते, सगळं कळतं. निघायच्या दिवशीही बघा. कधीकधी टोळी डोंगरातून उतरतच नाही, आणि तशी सूचना पार्क देतो.

वाट आणि मुक्काम

बर्फ आणि आंघोळ दोन्ही हवं तर जानेवारी-फेब्रुवारी. दाबोळी किंवा मोपाहून मुंबई, दिल्ली नाहीतर बेंगळुरू गाठायचं आणि तिथून टोकियो. उतरल्या दिवशी पुढे धावू नका, एक झोप काढा. टोकियो किंवा उएनो स्टेशनवरून होकुरिकू शिन्कानसेन ही बुलेट ट्रेन नागानोला जाते. वेगवान गाडी दीड तासाच्या आत पोचवते. नागानोहून दोन वाटा. एक, पूर्वेच्या दारासमोरून पार्ककडे जाणारी थेट बस, पाऊण तासाची. दुसरी, नागानो देंतेत्सू या स्थानिक रेल्वेच्या गाडीने युदानाकाला आणि तिथून छोटी बस. मुक्काम करणाऱ्यांना दुसरी सोयीची. एका बाजूने सफरचंदाच्या बागा दिसतात, बर्फात उघड्या फांद्यांनी उभ्या. त्या बघताना मघाची बागाईतदारांची गोष्ट आठवेल.

मोठ्या बॅगा टोकियोतच ठेवा किंवा कुरिअरने पुढच्या हॉटेलात पाठवा. जपानात ही सोय घरोघरची आहे, हॉटेलचा काउंटरवाला फॉर्म भरून देतो. बर्फातून चाकांची बॅग ओढत नेणं शक्य नाही.

राहायला युदानाका किंवा शिबु ओनसेन, दोन्ही गरम झऱ्यांची गावं. मी शिबु म्हणेन. दगडी फरसबंदीची अरुंद गल्ली, लाकडी उतारूघरं, आणि गावाचे नऊ सार्वजनिक हमाम. मुक्कामाच्या पाहुण्यांना त्यांची किल्ली देतात. जेवण मात्र आधी कळवा. सूपापासून भाजीपर्यंत सगळ्यात सुकवलेल्या माशाचं पाणी असतं. आम्हाला मासे वर्ज्य नाहीत, पण वन्सं सोमवारी खात नाहीत. त्या दिवशी त्यांचं जेवण भात, लोणचं आणि सोबतच्या पोह्यांच्या चिवड्यावर झालं. पाळणारे असाल तर बुकिंग करतानाच जपानी भाषेत लिहून पाठवा. नागानोची सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, छान लागतात, पण त्यांच्या रसातही मासा असतोच.

थंडी

गोव्याच्या माणसाला थंडी म्हणजे सत्तरीतली जानेवारीची पहाट, शाल घेतली की झालं. तिथे सकाळी शून्याच्या बरंच खाली जातं, आणि कुंडाशी तुम्ही तास-दोन तास उभे राहणार. चालताना ऊब असते, उभं राहिलं की थंडी पायांतून चढते. सुती बनियन, सुती मोजे नकोतच. घाम धरून ठेवतात आणि मग गार पडतात. अंगाला लागून थर्मल, वर लोकरीचं किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. हे सगळं इथून विकत नेण्याची गरज नाही, टोकियोत युनिक्लोत थर्मल चांगले आणि रास्त दरात मिळतात. कानटोपी आणि दोन मोजे इथूनच घाला.

पायवाट कानबायाशी या वस्तीच्या टोकाला सुरू होते, तिथून पार्कपर्यंत १.६ किलोमीटर चालायचं आहे. सुरुवातीचा थोडा चढ सोडला तर वाट देवदारांसारख्या उंच सुगी झाडांमधून जवळजवळ सपाट जाते. जवान माणसाला अर्धा तास. वन्संना घेऊन आम्ही त्यात आणखी अर्धा तास धरला. अडचण अंतराची नसते, दाबून काचेसारख्या झालेल्या बर्फाची असते. बुटाखाली अडकवायचे लोखंडी दाते घ्या, वाटेच्या सुरुवातीला बूट भाड्यानेही मिळतात. हातात काठी, पावलं छोटी, आणि घसरगुंडी दिसली की आडवं पाऊल. पार्कच्या इमारतीत उबेला बसता येतं, तेव्हा थकलेल्या माणसाला आधी तिथे बसवा.

कुंडाशी

नियम सोपे आहेत: खायला द्यायचं नाही, खाणं दाखवायचंही नाही, हात लावायचा नाही, सेल्फीची काठी काढायची नाही. पायाजवळून माकड जाईल, अगदी बुटाला घासून जाईल. तेव्हा स्थिर उभं राहायचं, खाली वाकायचं नाही. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये कधी उभं राहू नका. पिशवीची चेन बंद.

पोचल्या पोचल्या कुंडाकडे धावू नका, हे माझं सांगणं. आधी समोरचा डोंगराचा उतार बघा. टोळी तिथून उतरते: आधी तरुण, मग पोटाशी पिल्लं धरलेल्या माद्या. कर्मचारी दाणे पसरतात, माकडं बर्फ उकरून एकेक वेचतात. हा तास मला कुंडापेक्षाही आवडला. बर्फात बोटं घालून सोयाबीनचा एक दाणा चिमटीत धरणारा तो हात, त्याची काळपट नखं, गोठलेले केस.

मग पाणी. कुंडाचं पाणी चाळीस अंशांच्या आसपास. उतरताना उडी क्वचित. काठावर बसून आधी हात, मग पाय, मग पोटापर्यंत. बहुतेक माद्या आणि पिल्लं. मोठे नर काठावर किंवा दूर खडकावर दिसतील. सगळ्या माद्याही उतरत नाहीत, आणि इथेच तुमचा कुळागरातला अभ्यास कामाला येतो. कोण मधोमध पसरून बसली आहे आणि कोण काठावर ओलं अंग घेऊन वाट बघते आहे, ते पाहा. २०१८ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या १२ प्रौढ माद्यांवरचा अभ्यास प्रायमेट्स या नियतकालिकात छापला. विष्ठेतल्या ताणाच्या संप्रेरकांवरून त्यांनी दाखवलं की हिवाळ्यात गरम पाण्यात बसल्याने ताण कमी होतो. वरच्या मानाच्या माद्या पाण्यात जास्त वेळ बसतात, पण भांडणांतही त्याच जास्त असतात. हे वाचून गेलात की कुंड नुसतं शांत दिसत नाही. प्रत्येक जागा कुणाची तरी असते.

मी एका मादीपाशी बराच वेळ उभी राहिले. तोंड लालभडक, पापण्या मिटलेल्या, भुवयांवर बर्फाचे कण. मागे बसलेली दुसरी तिच्या मानेवरचे केस दोन बोटांनी बाजूला करत होती, ओल्या केसांची एक बट उचलायची, खालची गुलाबी कातडी तपासायची, काहीतरी टिपून तोंडात टाकायचं, पुढची बट. जोर जराही नाही. तेवढ्यात एक तिसरी काठावर आली. उवा बघणारी लगेच थांबली, दात विचकून बाजूला सरकली, आणि आलेली तिच्या जागी बसली. आमच्या पोफळींखाली मी हेच पाहत आले आहे. आसपासचे लोक "किती गोड हसलं" म्हणत होते.

मुलं बरोबर असतील तर त्यांना एकच काम द्या: एक माकड निवडायचं आणि पंधरा मिनिटं त्याच्यावरच नजर. पिल्लं निवडली तर उत्तम, ती पाण्याखाली डुबक्या मारतात, आईच्या पाठीवरून घसरतात, बर्फाचे गोळे करून ढकलत नेतात.

अकराच्या सुमारास गर्दी चढते. तेव्हा इमारतीत जाऊन बसा, दुपारी दोनला परत या. हिवाळ्यात पार्क चारला बंद होतो आणि माकडं त्याआधीच डोंगराची वाट धरतात.

कॅमेरा

फोन पुरतो, माकडं हातभर अंतरावर असतात. बर्फामुळे फोटो काळपट येतात, उजेडाची पट्टी एक घर वर सरकवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, जादाची बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. वाफ भिंगावर बसते, सुती रुमाल हाताशी असू द्या. फ्लॅश नको. बाहेरून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद प्लास्टिक पिशवीत घाला आणि तासभर उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढलेली ज्यांनी पाहिली आहे त्या गोवेकरांना हे फार समजवावं लागत नाही.

आपली आंघोळ

संध्याकाळी तुम्हीही गरम पाण्यात बसा, थंडीचा दिवस अंगातून निघून जातो. राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या किंवा तुरळच्या गरम कुंडावर उतरला असाल तर गंधकाच्या वासाच्या पाण्याची ओळख असेलच. फरक एवढा की जपानात कपडे घालून उतरत नाहीत. बायका-पुरुष वेगळे, आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ नाहायचं, मगच कुंडात, आणि छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. लाज वाटत असेल तर खासगी कुंड तासाच्या हिशेबाने मिळणारं उतारूघर निवडा. रक्तदाब असणाऱ्यांनी थोडा वेळच बसावं, हळू उठावं.

ज्यांना मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीशिवाय निघता येत नाही त्यांनीही जावं, फक्त अपेक्षा वेगळी ठेवावी. पिल्लं एप्रिल ते जूनमध्ये जन्मतात, त्यामुळे मेच्या अखेरीला पोटाला चिकटलेली काळसर, सुरकुतल्या तोंडाची तान्ही दिसतात. कुंडात बसलेली माकडं तेव्हा सहसा दिसत नाहीत. पार्क त्या दिवसांत साडेआठला उघडतो आणि पाचपर्यंत चालू असतो. शरद ऋतूत, म्हणजे माजाच्या दिवसांत, टोळी वरच रमते आणि खाली उतरेल याचा भरवसा नाही, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर थेट कॅमेरा रोज पाहूनच नागानोचं तिकीट काढा.